आभाळात वळण कुठं असतं?

माणसानं स्वतःच्या गच्चीवर काय मांडावं हा त्याचा खाजगी प्रश्न आहे, असं माझं मत होतं. आता माझं कसलंच मत नाही. कुणी नुसता गच्चीचा जिना चढायला लागला, तरी मी त्याला 'लेखी परवानगी आहे का?' म्हणून विचारतो.

मी बुद्धभूषण तायडे, जळगावातल्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक. चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत काय मान असतो ते आपण जाणताच. गणिताचा भाग राहिला की आमचा तास जातो, आणि पाहुणे यायचे असले की रांगोळीला आम्ही येतो. मात्र वर्तुळ काढावं तर तायडे सरांनी, हे आमचे शत्रूही मान्य करतात. पुढं जे काही झालं ते या वर्तुळापायीच झालं.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या सपनाचा फोन आला. सपना आमची एकुलती एक. धुळ्याजवळच्या धावपट्टीवर ती विमान चालवायला शिकते. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की आमचा दूधवालासुद्धा आता ते माझ्याआधी पूर्ण करतो. तर सपना म्हणाली, "पप्पा, येत्या गुरुवारी मी एकटी विमान घेऊन जळगावला येणार. इथं चाकं टेकवायची आणि तसंच परत धुळ्याला."

"म्हणजे घरी नाही येणार?" आमच्या सौ. पुष्पानं विचारलं.

"मम्मी, विमान आहे ते. स्कूटी नाही."

खाटेवरून अक्कानं फोनसाठी हात पुढं केला. अक्का म्हणजे माझी आई, द्रौपदाबाई. सगळी कॉलनीच तिला अक्का म्हणते. दिवाळीआधी न्हाणीघरात तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता चालवा. पुष्पा स्वतः नर्स, तिनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. पण "माले आते कोठे जानं शे?" एवढं म्हणून अक्का भिंतीकडं तोंड करायची. आणलेला वॉकर कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्यावर आमचे टॉवेल वाळत होते.

"सपना, वरथीन तुले आपलं घर दिखी का?" अक्कानं फोनवर विचारलं.

पोरगी खोटं बोलत नाही, हा तिच्यातला मोठाच दोष. ती म्हणाली, "आजी, वरून सगळ्या गच्च्या सारख्याच दिसतात गं. पांढरी गच्ची आणि काळी टाकी. उतरताना आपली कॉलनी खाली येते, ती कळेल. घर नाही कळणार."

आता तुम्हाला गिरणीचं सांगायला हवं. आम्ही दोघं नोकरीवाले, सपनाला वाढवलं ते अक्कानं. बालवाडीपासून तिला निरोप द्यायला अक्का फाटकात उभी राहायची, कपाळावर हाताची छपरी धरून. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे, तिथं रस्ता वळतो. त्या वळणावर सपनानं थांबायचं, मागं बघायचं, हात करायचा आणि मगच दिसेनासं व्हायचं, असा आजी-नातीचा कायदा होता. दहावीच्या पेपरला ती घाईत विसरली, तर अर्ध्या रस्त्यातून रिक्षा परत आणून तिनं वळणावर हात केला होता. पण दिवाळीनंतर धुळ्याला निघाली तेव्हा अक्का खाटेवर होती. सपना गिरणीपाशी थांबली, वळली, आणि फाटकात मी उभा होतो. तिनं मला हात केला, हसलीसुद्धा. पण मी तिथं कमी पडलो हे मला एवढ्या लांबून दिसलं.

फोन ठेवल्यावर अक्का छताकडं बघत म्हणाली, "गिरनीपा वळन शे, म्हनीसन ती मांगे दखस. आभायमा वळन कोठे शे?"

आईनं असं काही विचारलं की माणूस नेहमी काहीतरी कबूल करून बसतो. मी म्हणालो, "अक्का, मी गच्चीवर अशी खूण करतो की आपलं घर तिला मुंबईवरून दिसेल. माझ्या डाव्या हातचा मळ आहे तो."

गेरू घेऊन मी गच्चीवर गेलो. अख्ख्या गच्चीभर 'आजी' एवढंच लिहायचं असा साधा बेत होता. खडूनं आखणी झाली, तोच शेजारच्या गच्चीवरून तोताराम नानांनी हाक मारली. नाना दाळमिलमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेत. ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर ते एकदा अंदमानला विमानानं जाऊन आले आणि तेव्हापासून हवाई वाहतूक हा विषय त्यांनी ताब्यात घेतलाय.

"सर, विमान कुठल्या बाजूनं येणार?"

"धुळ्याहून. म्हणजे पश्चिमेकडून."

"तिथंच चुकताय. विमान वाऱ्याकडं तोंड करून उतरतं. वारा पश्चिमेचा असला तर ते वळसा घालून येणार, आणि तुमची आजी पोरीला उलटी दिसणार."

आजी उलटी दिसणं मला परवडणारं नव्हतं. मग वारा बघायला नानांनी रुमाल धरला. जळगावात एप्रिलमध्ये वारा भट्टीतून निघतो आणि चहूकडून येतो, त्यामुळं रुमालानं चारही दिशा दाखवल्या. तेवढ्यात पुष्पा वर आली. तिनं गेरूचा डबा पाहिला, मागच्याच वर्षी केलेलं वॉटरप्रूफिंग पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"याच्यावर रंगाचा एक थेंब पडला तर गॅरंटी गेली. मग पावसाळ्यात गळक्या छताखाली तुम्ही झोपा."

गेरूचा डबा खाली गेला. तोडगा अक्कानंच काढला. "मन्हं लाल लुगडं टाक. पोर वळखस ते." नऊवारी लाल लुगडं, उन्हात झळझळणारं. ते मी गच्चीवर आडवं पसरलं, टोकांना विटा ठेवल्या. काम फत्ते झालं. गोष्ट इथं संपायला काहीच हरकत नव्हती.

पण समोरच्या मंजुळाबाईंनी ते पाहिलं. ते दिवस बिबड्यांचे होते. ज्यांना बिबड्या ठाऊक नाहीत त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. ज्वारीचं पीठ शिजवून, त्यात तीळ-लसूण घालून, ओल्या फडक्यावर हातानं थापतात आणि कडक उन्हात वाळवतात. पूर्वी कॉलनीतल्या बिबड्यांचं सेनापतिपद अक्काकडं असायचं. कुणाच्या जाड झाल्या, कुणाच्या तडकल्या, याचा निवाडा ती करायची. यंदा आमच्या गच्चीवर एकही बिबडी नव्हती.

"सर, एवढं लुगडं रिकामं कशाले टाकं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

मी कारण सांगितलं. ती माझी चूक झाली.

"आमनी सपना एकटी इमान लई येई ऱ्हायनी?" मंजुळाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मग मन्हं घर बी दखू द्या ना तिले! पोर मन्हा हातनं जेयेल शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेलो आणि कठडा धरून उभा राहिलो. मंजुळाबाईंच्या गच्चीवर हिरवी साडी आणि तिच्यावर बिबड्या. नानांच्या गच्चीवर जांभळी. पलीकडं पिवळी, त्यापलीकडं ठिपक्यांची, आणि लाल तर पाच-सहा ठिकाणी. गिरणीवाल्यानं पत्र्यावर धान्याची पोती पसरली होती. सपनाला सायकल शिकवणारे, तिची शिकवणी घेणारे, तिनं ज्यांच्या खिडकीची काच फोडली ते, सगळ्यांनाच आपलं घर तिला दाखवायचं होतं. रागवायचं तरी कुणावर? एवढी माया एका पोरीला मिळाली याचा बापाला अभिमानच वाटायला हवा. मला वाटलाही, पण आमचं लुगडं त्या गर्दीत पार हरवलं होतं.

इथं माझ्यातला कलावंत जागा झाला. मागं एकदा आमच्या शाळेच्या मैदानावर कुणी बडे पाहुणे हेलिकॉप्टरनं उतरले होते. तेव्हा चुन्याचं मोठं वर्तुळ आणि त्यात इंग्रजी एच् मीच काढला होता, आणि पायलटनं तो वरून अचूक हेरला होता. मी शाळेतून स्नेहसंमेलनाचे फाटके लाल पडदे आणले. त्यांच्या पट्ट्या कापल्या, मधे खिळ्याऐवजी पुष्पाला उभं केलं, तिच्या हातात दोरीचं एक टोक दिलं आणि गच्चीभर असं वर्तुळ मांडलं की पाहणाऱ्यानं नाव काढावं. मधोमध 'स' टाकला. नाना म्हणाले, "सर, अंदमानलाही असं नव्हतं."

संध्याकाळपर्यंत कुणीतरी पलीकडच्या उंच इमारतीवरून त्याचा फोटो काढला आणि मोबाईलवर फिरवला. खाली लिहिलं होतं, 'तायडे सरांच्या गच्चीवर हेलिपॅड. गुरुवारी कोण उतरणार?'

बुधवारी सकाळी दाराशी एक गृहस्थ हार घेऊन उभे होते. साहेब उतरताना हार घालायचा मान आपल्याला मिळावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. दुसरे एकजण बोअरवेलचा अर्ज घेऊन आले. तिसऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, कोणत्या पक्षाकडून?" माझे मुख्याध्यापक, ज्यांनी आजवर माझ्याशी फक्त खडूंच्या पेटीबद्दल चर्चा केली होती, त्यांनी फोनवर मला 'तायडेसाहेब' म्हटलं. आणि चहाच्या सुमारास मोटरसायकलवरून छगन हवालदार आला.

"जयभीम सर. ओळखलं का? मी छगन. तुम्ही मला चित्रकलेत नापास केलं होतं."

मी बसायला खुर्ची दिली. छगन गच्चीवर जाऊन आला, घाम पुसत म्हणाला, "वर्तुळ फर्स्ट क्लास काढलंय सर. याच वर्तुळापायी तुम्ही मला कंपास फेकून मारला होता. पण ही जागा विमानतळाच्या वाटेत येते. विमानाला खुणा करायची परवानगी कुणी दिली तुम्हाला?"

"अरे, माझीच मुलगी येणार आहे."

"मुलगी येणार म्हणून लोक रांगोळी काढतात, सर. हेलिपॅड कुणी काढत नाही."

त्यानं सुचवलं की विमानतळावरून नुसतं 'हरकत नाही' असं लिहून आणा. मी भर उन्हात विमानतळाच्या फाटकावर गेलो. तिथला पहारेकरी सभ्य होता. त्यानं सांगितलं, हेलिपॅडचं काम आमच्याकडं नाही, मोठ्या कचेरीत जा. मोठ्या कचेरीतल्या बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "तात्पुरतं की कायमस्वरूपी?"

"साहेब, मी ते काढूनच टाकायला तयार आहे."

"काढायला परवानगी लागत नाही. पण काढण्याआधी ते होतं अशी नोंद लागते. आणि नोंद करायची तर आधी परवानगी लागते."

मी एक ग्लास पाणी मागितलं. ते मात्र लगेच मिळालं.

शेवटी पोलीस ठाण्यात बसून मी हमीपत्र लिहून दिलं की, 'माझ्या गच्चीवर विमान, हेलिकॉप्टर अथवा तत्सम वाहनाचे लक्ष वेधून घेणारी कोणतीही वस्तू मी ठेवणार नाही.' सुंदर अक्षराबद्दल साहेबांनी कौतुक केलं. घरी येऊन मी पट्ट्या गोळा केल्या, 'स' गुंडाळला, अक्काचं लाल लुगडंसुद्धा घडी घालून खाली आणलं. गच्ची झाडून काढली. अख्ख्या कॉलनीत आता फक्त आमची गच्ची ताटासारखी कोरी होती.

"मग बाकीच्यांच्या साड्या?" मी छगनला विचारलं होतं.

"त्या बिबड्या आहेत सर. बिबड्यांना आमच्याकडं कलम नाही."

मी मंजुळाबाईंच्या दारी गेलो. तुमच्या साड्या एक दिवस काढता का, असं विचारणार होतो. पण गच्चीवर ओल्या बिबड्या पसरलेल्या, त्या उचलल्या असत्या तर सगळ्यांचा गोळा झाला असता. शिवाय त्यांनी आनंदानं मला बिबड्यांच्या शिजवलेल्या पिठाचा वाटीभर गरम चीक खायला दिला. चीक खाऊन माणूस भांडू शकत नाही. मी परत आलो आणि अक्काच्या खाटेवर बसलो.

"अक्का, नाही जमलं गं. खूण काढावी लागली. आपली गच्ची तिला दिसणार नाही."

मला वाटलं ती आता भिंतीकडं वळेल. पण ती म्हणाली, "खून कशाले जोयजे? मी शे ना! माले वर ली चाल."

गुरुवारी सकाळी मोहीम सुरू झाली. अक्काला खुर्चीत बसवलं. पुढं मी आणि मंजुळाबाईंचे यजमान, मागं गिरणीवाला, आणि वरून आज्ञा द्यायला नाना. "डावीकडं घ्या! पंख सांभाळा!" असं ते ओरडत होते, खुर्चीच्या हातांना ते पंख म्हणत. चौथ्या पायाला माणूस नव्हता. नेमका तेव्हा छगन पाहणीला आला.

"सर, हमीपत्र लिहून दिलंय तुम्ही. हे काय वर नेताय?"

जिन्यात सगळे जागच्या जागी थांबले. खुर्ची तिरपी, आणि वरून अक्का त्याच्याकडं बघतेय.

छगननं टोपी काढून काखेत धरली. जरा विचार करून म्हणाला, "हमीपत्रात 'वस्तू' लिहिलंय. अक्का काही वस्तू नाहीत." आणि त्यानं खुर्चीचा चौथा पाय धरला. त्या वेळी माझ्या मनात आलं, याला निदान काठावर पास करायला हवं होतं.

शेवटच्या पायऱ्या उरल्या तेव्हा अक्का म्हणाली, "ठेवा खाले. आते मी चालस." पुष्पा धावत जाऊन वॉकर घेऊन आली, टॉवेलांसकट. एका हाताखाली पुष्पा, दुसऱ्या हातात कठडा, आणि मागून आम्ही सगळे श्वास रोखून. अक्का एकेक पायरी चढली आणि एवढ्या महिन्यांनी तिनं आभाळ पाहिलं. सगळ्या गच्च्यांवर माणसं होती. "अक्का! अक्का वर उनी!" असा मंजुळाबाईंनी जो गजर केला, त्यानं गिरणीवरची कबुतरं उडाली.

आधी एक भलं मोठं विमान आलं. सगळ्या कॉलनीनं जीव तोडून हात हलवले, नानांनी तर टॉवेल फिरवला. अक्का चकित झाली. "इतलं मोठं चालावस मन्ही नात?" तेव्हा नाना खाली मान घालून म्हणाले, "हे नव्हे. हे प्रवासी विमान." आत बसलेल्यांचं त्या दिवशी जळगावकरांबद्दल फारच चांगलं मत झालं असेल.

नंतर बराच वेळ नुसतं ऊन. अक्काच्या डोक्यावर पुष्पानं छत्री धरली, ती तिनं बाजूला सारली. म्हणाली, छत्रीनं तोंड झाकलं तर पोर काय दखी? आणि मग पश्चिमेकडून, एखादी फटफटी दूरवर जावी तसा आवाज आला. पांढरा ठिपका मोठा होत गेला. एवढंसं विमान. त्यात माझी मुलगी एकटी. मला एकदम वाटलं, आपण हिला चित्रकला शिकवली असती तर बरं झालं असतं.

ते आमच्या कॉलनीवर आलं आणि एक पंख खाली करून सावकाश वळलं. "धावपट्टीकडं वळतंय," नाना कुजबुजले, "उतरण्याआधी प्रत्येकच विमान इथं वळतं." सगळ्या गच्च्यांवर आरडाओरडा सुरू होता, साड्यांचे पदर हलत होते. अक्कानं हात हलवला नाही. वॉकरला एका हातानं धरून ती ताठ उभी राहिली आणि दुसरा हात तिनं कपाळावर धरला, फाटकात धरायची तसा. विमान झाडांपलीकडं गेलं तरी तो हात तसाच होता. मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. छगनही नाक ओढत होता.

दुपारी धुळ्याहून फोन आला. मी घाईनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"पप्पा, उतरले मी! सगळं नीट झालं. सर खूश आहेत."

"तिले ईचार," अक्का म्हणाली. मला विचारायचं धाडस होईना. अक्कानंच विचारलं, "सपना, घर दिखनं का?"

"आजी, आधी मी गोंधळलेच! अख्खी कॉलनी साड्यांनी भरलेली. हिरव्या, पिवळ्या, लाल. लाल दिसली की वाटायचं हे आपलं घर, तर पलीकडं अजून एक लाल. मग वळताना पंख खाली गेला आणि एकच गच्ची कोरी दिसली. बिबड्यांच्या दिवसांत आपल्या कॉलनीत कोरी गच्ची कुणाची असणार? ज्या घरची आजी आजारी आहे त्या घरचीच. नीट पाहिलं तर तिथं तू उभी! आजी, तू उभी होतीस ना गं?"

"उभी व्हतू," अक्का म्हणाली. तिचा आवाज फुटला. तिनं पदरानं डोळे पुसले.

माझा मात्र स्वाभिमान दुखावला. गेरू, वारा, वर्तुळ, तीन कचेऱ्या, एक हमीपत्र, एवढा खटाटोप करून शेवटी पोरीला दिसलं काय, तर मी काहीच न केलेली जागा! हे मी बोलूनही दाखवलं. कुणीही सहानुभूती दाखवली नाही.

संध्याकाळी वॉकरची ठकठक ऐकू आली. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि पुष्पाला सांगत होती, "ज्वारी भिजाड. सकायले मी वर बसस. पुढला बारले मन्ही गच्ची रिकामी दिखाले नको."

"अगं अक्का," मी म्हणालो, "आपल्याही गच्चीवर बिबड्या असल्या तर पोरगी घर ओळखणार कसं?"

अक्कानं वॉकरवरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला.

"आते तिले वळन मालूम शे," ती म्हणाली आणि ठकठक करत फाटकाकडं निघाली.